पोच कुणी दिली?

"मॅडम, अळ्या मेल्या."

फोनवर संस्कृती सानप एवढंच म्हणाली. रोहिणी आघावने हातातला चहा खाली ठेवला.

"किती?"

"सगळ्या. एक ट्रे राहिला नाही."

"ट्रे हलवलेस?"

"नाही. कालपासून नुसती बघत बसलेय."

"तशीच बस. ट्रे, पंखे, घरातली पेटी, कशाला हात लावू नको. दुसऱ्या कुणाला लावू देऊ नको. मी निघाले."

रोहिणी रेशीम कार्यालयात तांत्रिक अधिकारी होती. दिंद्रुडच्या संस्कृतीची चॉकी तिने पहिल्या ट्रेपासून पाहिली होती. अंड्यातून निघालेल्या रेशमाच्या अळ्या पहिले काही दिवस फार नाजूक असतात. तेवढे दिवस त्यांना एका बंद शेडमध्ये ठरावीक गारव्यात आणि ओलाव्यात वाढवायचं, मग शेतकऱ्यांना वाटून द्यायचं. त्या शेडला चॉकी म्हणतात. चॉकी गेली की तिच्यावर विसंबलेल्या प्रत्येक शेतकऱ्याची बॅच जाते. तुतीचा पाला मात्र शेतात तयार उभा असतो.

एप्रिलचं ऊन सकाळीच तापलं होतं. शेडच्या दारात चुन्याचा पाट होता, बाजूला हात धुवायला ब्लीचिंगच्या पाण्याची बादली. दारावरच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: तंबाखू खाणाऱ्यांनी आत येऊ नये.

त्या पाटीपासून चार हात दूर एक उंच माणूस उभा होता. संस्कृतीचा नवरा, आदिनाथ. त्याचा एक गाल फुगलेला होता.

"तुमी जा मॅडम आत," तो म्हणाला. "आमाला बंदी हाय. सातबारा माझा, शेड माझं, अन् दारात वॉचमनवानी मीच उभा."

तो हसला. संस्कृती हसली नाही. तिने चुन्यात पाय बुडवले आणि आत गेली.

आत तुतीच्या सुकलेल्या पाल्याचा वास होता. ट्रेमध्ये पाल्याच्या बारीक तुकड्यांवर अळ्या पडल्या होत्या. केसाएवढ्या बारीक, कोरड्या, आखडलेल्या. रोहिणीने भिंगाखाली एक धरली, मग दुसऱ्या ट्रेमधली, मग कोपऱ्यातल्या ट्रेमधली.

"विजयसिंहांनी फवारलं असणार," संस्कृती मागून म्हणाली. "त्यांची चॉकी आमच्यामुळं बसली. सगळ्या गावाला माहीत आहे."

"फवारणी नाही. विषानं मेलेली अळी तोंडातून पाणी टाकते, तडफडून अंग पिळवटते. ह्या जागच्या जागी वाळल्यात." रोहिणीने भिंग पुसलं. "ही उष्णता आहे. शेडचा कूलर कधी बंद पडला?"

"काल दुपारी. आम्ही दोघं माजलगावला होतो. माझा सत्कार होता." ती शब्द खाली टाकल्यासारखं बोलली. "संध्याकाळी आले, तर कूलर कोरडा. पंपात पाल्याचा चोथा अडकला होता. मीच काढला. लगेच चालू झाला."

"चोथा कुणी मुद्दाम घातला असेल?"

"नाही. तो अडकतोच. गेल्या उन्हाळ्यातही अडकला होता. म्हणून तर ते सगळं बसवलं, मॅडम."

ते सगळं म्हणजे काय, हे रोहिणीला ठाऊक होतं. तरीही तिने ते पुन्हा सांगायला लावलं. माणूस सांगताना काय गाळतो, ते तिला ऐकायचं असे.

शेडच्या मधोमध जाळीच्या पिंजऱ्यात सेन्सर टांगलेला होता. त्याला स्वतःची बॅटरी होती, सिमकार्ड होतं. तो तापमान आणि ओलावा मोजून एका सॉफ्टवेअर कंपनीकडे पाठवत राही.

"आधी मी दर थोड्या वेळानं मोबाइल उघडून बघायची," संस्कृती म्हणाली. "जेवताना, झोपताना, पोळी लाटताना. मग वाचलं की आपण सारखं विचारायची गरज नाही. कंपनीला आपला एक पत्ता देऊन ठेवायचा. इकडं मर्यादा ओलांडली की तिकडून त्या पत्त्यावर निरोप येतो, आपोआप. वेबहूक म्हणतात त्याला. आमचा पत्ता म्हणजे स्वयंपाकघरातली पेटी. निरोप आला की ती भोंगा वाजवते आणि कंपनीला उलट कळवते, मिळाला."

"पोच देते."

"हो. पोच."

"आणि पोच मिळाली नाही तर?"

"कंपनी निरोप पुन्हा पाठवते. परत परत. मिळाला म्हणेपर्यंत."

रोहिणीने मान हलवली. "काल भोंगा ऐकायला घरी कोण होतं?"

संस्कृतीने घराकडे पाहिलं. "आत्या," ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू.

सुंदरबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात परातभर शेवया वाळत होत्या. रोहिणीला पाहताच तिने पदर डोळ्यांना लावला.

"म्याच मारल्या मॅडम. लिहून घ्या. लेकराएवढं जपलं होतं सुनेनं, अन् म्या मारल्या."

"आधी काय झालं ते सांगा, सुंदरबाई. मग ठरवू."

"शेवयाचं मशीन आणलं होतं शेजारनं. लाईटीवरचं. त्याला बटण पाहिजे ना! म्या ह्या पेटीची वायर काढली अन् मशीनची घातली."

"पेटी बंद झाली?"

"झाली की. तिचा हिरवा दिवा गेला. म्हनलं, घडीभरानं काय व्हतंय?"

"मशीन झाल्यावर?"

"लगेच लावली परत. दिवा लागला. शेजारीण होती संगं, तिला इचारा. ती म्हनली बी, तुमच्या पेटीला डोळा आला."

"त्यानंतर तुम्ही घरातच होतात?"

"हितंच. शेवया सोडवत बसले, सून येईपत्तर."

"आणि भोंगा?"

"न्हाई वाजला."

"अजिबात नाही?"

"माय, तुझ्या गळ्याची आन."

दारातून संस्कृती म्हणाली, "पेटीला हात लावायचा नाही, असं मी हजारदा सांगितलं होतं." आवाज चढला नव्हता, पण सुंदरबाईने मान खाली घातली. हे काल रात्रीपासून चाललं असावं.

रोहिणीने पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा जळत होता. बाजूला तपासणीचं बटण होतं. तिने ते दाबलं. भोंगा असा वाजला, की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"भोंगा चांगला आहे," ती म्हणाली. "सुंदरबाई, याआधी तो शेवटचा कधी वाजला?"

म्हातारीने आठवून पाहिलं. "लई दिस झाले. वाजायची पाळीच येत न्हाई आता. आदिनाथ आधीच वरडतो ना. संस्कृते पडदे भिजव, संस्कृते खिडकी उघड. अन् खरंच आत गरम झालेलं असतं." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. "त्याच्या बापाचा गुण हाय. त्यास्नी बी पावसाचं आधी कळायचं."

"कुठून ओरडतात ते?"

"ओट्यावरनं. आत कुठं जाऊ देतीया ही त्याला?"

रोहिणीने दारातून ओट्याकडे पाहिलं. ती बाहेर आली.

ओट्यावर तोवर माणसं जमली होती. बाजेवर धोंडीराम बसला होता. चॉकीच्या शेतकऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्क, सगळे त्याचं ऐकत. त्याच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात विजयसिंह, पलीकडच्या वस्तीवरचा बागायतदार. त्याची स्वतःची चॉकी संस्कृतीच्या शेडपेक्षा तिप्पट मोठी होती आणि गेल्या वर्षापासून निम्मी रिकामी. खांबाला टेकून अभिमन्यू उभा होता. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पेटी बसवायला त्यानेच मदत केली होती.

"मॅडम, स्पष्ट बोलतो," धोंडीराम म्हणाला. "दुपारला समदे जमणार हायेत. पाला उभा हाय. पोरीनं आमाला सांगितलं होतं, माणूस चुकंल पण यंत्र चुकणार न्हाई. आता चुकलं. आमी बॅच विजयसिंहाकडनं न्यायची का थांबायचं, तेवढं सांगा. एकदा तिकडं गेलेला माणूस परत येत नसतो."

संस्कृती चौकटीला धरून उभी होती.

"मी काही बोलवायला आलो नाही हां," विजयसिंह म्हणाला. "सांत्वनाला आलोय. कालच्या सत्काराला पण होतो मी. काय टाळ्या! माईकवाला म्हणाला, संस्कृतीताईंचे मिस्टर कुठायत, जरा पुढच्या खुर्च्या सरकवा. आमच्या आदिनाथनं सरकवल्या बरं का, गुमान."

"तू कावून आलतास बे तिथं?" आदिनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "जळायला?"

"जळायला कशाला? बघायला. माझी बायको कधी स्टेजवर जाईल की नाही, त्याचा अंदाज घ्यायला."

अभिमन्यूला हसू आलं. त्याने ते गिळलं.

रोहिणीने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. तिला बढती मिळाली होती त्या दिवशी तिच्या घरात जेवताना कुणी काही बोललं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच. ते तिला आता का आठवलं, याचा तिने विचार केला नाही. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"अभिमन्यू, कंपनीच्या खात्यात तुम्ही गेला आहात?"

"बसवताना गेलतो. वहिनींसमोर."

"त्यानंतर?"

"न्हाई."

"खात्यात शिरायला काय लागतं?"

"पासवर्ड अन् ओटीपी. ओटीपी आदिनाथभाऊंच्या नंबरवर येतो."

"त्यांच्या का?"

संस्कृतीने उत्तर दिलं. "शेडची कागदं त्यांच्या नावावर. कंपनीला नंबर मालकाचा पाहिजे होता."

"आदिनाथराव, अलीकडे कुणी ओटीपी मागितला?"

आदिनाथ कोपऱ्यात जाऊन पिंक टाकून आला. "हाच मागतो की. मागल्या पंधरवड्यात मागितला. दिला म्या. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"भाऊ!" अभिमन्यू सरळ उभा राहिला.

"मागितला होता?" रोहिणीने विचारलं.

अभिमन्यूने आदिनाथकडे पाहिलं, मग संस्कृतीकडे, मग जमिनीकडे. "मॅडम, दुकानात माणसं काय काय करून मागतात. कुणी बायकोचा फोन बघायला मागतं, कुणी पोराचा. गिऱ्हाइकाचं मी बाहेर बोलत न्हाई."

"म्हणजे मागितला की नाही?"

"म्या मागितला न्हाई. एवढंच सांगतो."

"तुमची विजयसिंहांकडे पण कामं असतात?"

"त्यांचे कॅमेरे मीच बसवले."

विजयसिंहाने हात वर केले. "आता माझ्यावर आणा."

धोंडीराम खाकरला. "हे बघा. म्हातारीनं पेटी बंद केली, अन् यंत्र मुकं झालं. उगा दुसरं कशाला उकरायचं?"

घरातून सुंदरबाईचा हुंदका आला.

"बरोबर," रोहिणी म्हणाली. "पेटी बंद होती. संस्कृती, तुझा मोबाइल दे आणि जरा आत ये."

स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत दोघीच होत्या. संस्कृतीने कंपनीचं पान उघडलं.

"कालचा निरोप दाखव."

निरोप तिथे होता. तापमान मर्यादेबाहेर. पाठवला. त्याखाली हिरव्या अक्षरांत कंपनीचा शेरा: पोच मिळाली, पहिल्याच खेपेत.

संस्कृतीने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे मी काल पाहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, पेटीला मिळाला, पण भोंगा बिघडला."

"भोंगा आत्ता वाजला. आणि निरोप गेला तेव्हा पेटी चालू होती असं धरलं, तर तो सासूबाईंना ऐकू यायला हवा होता. बंद होती असं धरलं, तर?"

"तर पोच जायला नको होती," संस्कृती सावकाश म्हणाली. "कंपनीनं परत पाठवला असता. आत्यांनी वायर लावल्यावर भोंगा वाजला असता."

"म्हणजे पेटी चालू असो की बंद, हिशेब जुळत नाही."

"मग पोच कुणी दिली?"

"पत्ता बघ."

संस्कृतीने पान सरकवलं. पत्त्याच्या चौकटीत लांबलचक अक्षरं होती.

"हा आमचा नाही."

"कुणाचा आहे ते कळतं?"

"नाही. ही एक फुकटची सोय असते. निरोप घेते, पोच देते आणि आपल्याला हवं तिथं पुढं धाडते. कुणाच्या मोबाइलवर धाडते, ते इथून दिसणार नाही." तिने वर पाहिलं. "मॅडम, इथं एकाहून जास्त पत्ते जोडता येतात. माझ्या पत्त्याखाली दुसरा लिहिता आला असता. ह्यानं माझा पुसलाय."

"होय," रोहिणी म्हणाली. "ते माझ्याही लक्षात आलं."

मग रोहिणीने आत डोकावून विचारलं, "सुंदरबाई, चहाचं आधण आहे का? मला नुसतं गरम पाणी द्या. तांब्याभर."

तांब्या तिने संस्कृतीच्या हातात दिला. "शेडमध्ये जा. सेन्सरच्या खाली धर. बाहेर काहीही झालं तरी तो काढू नको."

संस्कृती मागच्या बाजूने शेडकडे गेली. रोहिणी ओट्यावर येऊन बसली. तिने धोंडीरामला तुतीच्या छाटणीबद्दल काहीतरी विचारलं. धोंडीराम सांगू लागला. विजयसिंह मध्येच बोलला, धोंडीरामने त्याला गप्प केलं. अभिमन्यू पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होता. आदिनाथ चंची उघडून तंबाखूला चुना मळत होता.

घरातला भोंगा वाजला नाही.

एका मोबाइलने दोनदा टिर्र केलं.

विजयसिंहाने खिशातून फोन काढून पाहिला, परत ठेवला. अभिमन्यूने पाहिला. धोंडीराम पुटपुटला, "माझा तर घरीच हाय."

आदिनाथने पाहिला नाही. त्याने मळलेली तंबाखू डाव्या हातात घट्ट मिटली आणि उजवा तळवा शर्टाच्या खिशावर दाबून धरला.

मोबाइलने तळव्याखालून पुन्हा टिर्र केलं.

"बघा ना, आदिनाथराव," रोहिणी म्हणाली. "काहीतरी आलंय."

"असंल कंपनीबिंपनीचं."

"कंपनीचंच आहे. शेडमध्ये गरम झालंय, असं लिहिलं असेल. आत्ता तुमच्या बायकोनं सेन्सरखाली गरम पाण्याचा तांब्या धरलाय."

शेडच्या दारातून संस्कृती हातात तांब्या घेऊन बाहेर आली. तिने नवऱ्याच्या खिशावरचा हात पाहिला. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"बसा सगळे," रोहिणी म्हणाली. "धोंडीराममामा, तुम्हाला दुपारी लोकांना उत्तर द्यायचंय, म्हणून नीट ऐका. अळ्या उष्णतेनं मेल्या, फवारणीनं नाही. त्यामुळे विजयसिंहांवरचा संशय तिथंच संपला. कूलरचा पंप अडकला, तो आपोआप. तिथवर कुणाचीच चूक नाही. असं होणार हे धरूनच ही व्यवस्था बसवली होती.

"काल सेन्सरनं काम केलं. कंपनीनं निरोप पाठवला. सासूबाईंनी पेटी बंद केली होती, तरी काही बिघडलं नसतं. पोच आली नसती, कंपनीनं पुन्हा पाठवला असता आणि शेवया झाल्यावर भोंगा वाजलाच असता. पण पोच आली, आणि तीही पहिल्याच खेपेत. बंद पेटी पोच कशी देईल? म्हणजे निरोप ह्या घरात आलाच नव्हता. पत्ता बदललेला होता.

"बदलणाऱ्याला ओटीपी लागतो. तो आदिनाथरावांच्या फोनवर येतो. ते म्हणतात, अभिमन्यूनं मागितला. असेलही. पण मग एक गोष्ट उरते. बरेच दिवस भोंगा वाजला नाही, कारण आदिनाथराव त्याच्या आधीच ओरडायचे. ओट्यावरून. ज्या शेडमध्ये त्यांना पाऊल टाकायची मुभा नाही, त्याच्या आतलं त्यांना कसं कळायचं? सासूबाईंना तो वडलांचा गुण वाटला."

सुंदरबाई दारात आली होती. तिने पदराचं टोक दातांत धरलं.

"अभिमन्यू," रोहिणी म्हणाली, "आता बोलायला हरकत नाही."

अभिमन्यूने सुस्कारा सोडला. "भाऊ दुकानात आलते. म्हनले, निरोप माझ्या फोनवर बी आला पाहिजे. म्या ती सोय करून दिली, पत्ता लिहून दिला. म्हनलं भाऊ, हा खाली जोडा, वरच्याला हात लावू नका. कसं जोडायचं ते बी दाखवलं. वहिनींना सांगू नको म्हनले. मला वाटलं, काळजीपोटी करतेत."

"पुसणं सोपं होतं," रोहिणी आदिनाथला म्हणाली. "पण जुना पत्ता तुम्ही कुठं ठेवला नाहीत. म्हणून काल संध्याकाळी तुम्हाला तो परत घालता आला नाही."

आदिनाथ उभाच होता. तोंडातली तंबाखू त्याने गिळली की काय, कुणास ठाऊक. त्याचा गाल सपाट झाला होता.

संस्कृतीने विचारलं, "दुसरा पत्ता जोडता येत होता. माझा का पुसला?"

"दोन्हीकडं गेला असता," तो म्हणाला, "तर भोंगा बी वाजला असता. मग म्या सांगून काय उपेग?"

आदिनाथने मानेने स्वयंपाकघराकडे खूण केली.

"ती पेटी वाजली की हातातलं टाकून पळायचीस तू. म्या हाक मारली तर ‘आले आले’ म्हनायचीस, अन् येत न्हवतीस. पेटीला येत हुतीस. गावात बी तेच. संस्कृतीताईंची पेटी, संस्कृतीताईंची चॉकी. मला दारातनं आत घेत न्हाईस. म्हनलं, आतलं निदान मला आधी कळू दे. म्या सांगीन, मंग तू पळ. माझ्या सांगण्यावर पळ." त्याने वर पाहिलं. "पळायचीस बी. लई बरं वाटायचं."

"काल?" संस्कृती म्हणाली.

त्याने खिशावरचा हात काढला.

"काल निरोप आला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मागल्या रांगेत."

"बघितला?"

"बघितला." आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तू भाषणाला उभी ऱ्हायली होतीस. मॅडमचं नाव घेतलंस. आईचं घेतलंस. ह्या अभिमन्यूचं बी घेतलंस. म्हनलं, माझं येऊ दे, मंग उठतो. येईलच की आता. म्हनून थांबलो."

"आणि?"

"भाषण संपलं."

"संपल्यावर का नाही सांगितलंत?"

"उशीर झालता. आता सांगितलं, तर आधी कावून न्हाई सांगितलं, म्हनशील."

"आत्यांना फोन करता आला असता."

"आला असता," आदिनाथ म्हणाला.

"म्हातारी रात्रभर रडत होती," संस्कृती म्हणाली. "मी तिला नाही नाही ते बोलले. तुम्ही पलीकडं बाजेवर होतात. जागे होतात."

त्याने मूठ उघडली. मळलेली तंबाखू घामाने चिकटली होती. ती झटकायचं त्याला सुचलं नाही.

विजयसिंहाने जवळजवळ प्रेमाने मान हलवली. "आरं लेका," तो म्हणाला, "मी निदान उघड तरी जळतो."

संस्कृती नवऱ्याकडे न बघता दारात गेली. सुंदरबाईसमोर उभी राहिली आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

"आत्या, तुमचं काही चुकलं नव्हतं."

सुंदरबाईने सुनेचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्यावरून मुलाकडे बघत राहिली. त्याच्याकडे असं तिने आधी कधी पाहिलं नसावं.

धोंडीरामने टोपी काढून पुन्हा घातली. "मंग लोकास्नी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू, मामा. मी सांगते," संस्कृती वळून म्हणाली. "जसं झालं तसं."

"घरातलं हाय पोरी. पंप बिघडला म्हणून सांगितलं तरी भागंल."

"पंप बिघडला म्हटलं, तर पुढच्या वेळी पण बिघडेल असं वाटेल त्यांना. यंत्र चुकलं म्हटलं, तर कुणीच परत येणार नाही. खरं सांगणार. ह्यांचं नाव घेऊन."

आदिनाथने दचकून वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

धोंडीरामने बोटांवर काही मोजलं. "निम्मे तरी जातील विजयसिंहाकडं," तो अखेर म्हणाला. "पाला वाळू द्यायचा न्हाई कुणाला. माझा उशिरा छाटलाय, मी थांबतो. माझ्यासंगं चार-दोघं थांबतील. नवे अंडीपुंज मागव. पण एक अट हाय. ती घंटी माझ्या घरी बी वाजली पाहिजे."

"तुमच्या घरी, आणि मॅडमकडं," संस्कृती म्हणाली. "तीन पत्ते. माझा वर. अन् ओटीपी माझ्या नंबरवर."

"अंड्यांचा अर्ज आज दे," रोहिणी म्हणाली. "मी पुढं पाठवते."

माणसं उठली. विजयसिंह गाडीकडे गेला. जाताना तो म्हणाला की ट्रे धुवायला माणसं लागली तर पाठवीन. त्याचं मन त्यात होतं की नव्हतं, हे सांगता आलं नसतं. अभिमन्यू मागे राहिला. "वहिनी, जुना पत्ता परत घालून देतो," तो म्हणाला. संस्कृतीने मान हलवली. "मी घालते."

रोहिणी शेडशी उभी राहून अहवालासाठी नमुने डबीत भरत होती. आता ट्रे रिकामे करायचे, सगळं खड्ड्यात पुरायचं, शेड धुऊन निर्जंतुक करायचं. त्याशिवाय नवी बॅच आणता येणार नव्हती.

आदिनाथ मघाच्याच जागी उभा होता, पाटीपासून चार हात दूर. हातात कुदळ होती. खड्डा कुठे घ्यायचा, हे विचारायला तो आला असावा, पण विचारत नव्हता.

संस्कृती पहिला ट्रे उचलून दाराशी आली. एकटीला तो जड जात होता. तिने तो उंबऱ्यावर टेकवला.

"या आत," ती म्हणाली.

त्याने दारावरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "तंबाखू हाय हाताला," तो म्हणाला.

"असू द्या," संस्कृती म्हणाली. "आत आता मरायला काही राहिलेलं नाही."